आधी जागा, मग साप



कॉर्न स्नेक हा अमेरिकेच्या आग्नेय भागातला बिनविषारी, केशरी-तांबूस रंगाचा साप. अंड्यातून नुकतं बाहेर आलेलं त्याचं पिल्लू जेमतेम २५-३० सेंटिमीटर भरतं. ब्रह्मदेशी अजगर, म्हणजे अमेरिकेतल्या पाळीव प्राण्यांच्या बाजारातला बर्मीज पायथन. त्याचं पिल्लू अर्ध्या मीटरचं. दोन्ही पिल्लं शेजारी शेजारी ठेवली तर फरक फार तर वीतभराचा दिसतो. दोन्ही देखणी, दोन्ही हातावर मावणारी. पुढे कॉर्न स्नेक सव्वा-दीड मीटरवर थांबतो. अजगर मात्र काही वर्षांत तीन-चार मीटरचा होतो आणि मादी पाच मीटरही ओलांडते.

अमेरिकेत हजारो घरांनी ही वीत पाहिली आणि पुढचे मीटर पाहिले नाहीत. त्याची किंमत फ्लोरिडातल्या एव्हरग्लेड्स या विस्तीर्ण पाणथळ प्रदेशाने मोजली. पाळणाऱ्यांकडून निसटलेले आणि सोडून दिलेले अजगर तिथे रुजले, वाढले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, अजगरांचा वावर सर्वात जुना आहे तिथे रात्री रस्त्यावर दिसणाऱ्या रॅकूनची संख्या ९९ टक्क्यांहून अधिक घटल्याचं आढळलं. त्याच वर्षी अमेरिकी सरकारने ब्रह्मदेशी अजगर हानिकारक प्रजातींच्या यादीत घातला आणि त्याच्या आयातीवर बंदी आणली. २०२३ मध्ये याच भागात पकडलेला एक अजगर १९ फुटांचा निघाला. एवढ्या सापाला घरातली कुठली खोली पुरणार?

म्हणून साप पाळण्याचा विचार सापापासून नव्हे, भिंतीपासून सुरू व्हायला हवा. घरात कोणत्या भिंतीलगत किती फूट लांबीची, किती रुंदीची पेटी कायमची राहू शकते, हे टेप लावून मोजावं. त्या मापात पूर्ण वाढलेला जो साप सुखाने राहील, तोच निवडावा. पिल्लाचं माप इथे उपयोगाचं नाही.

पेटीचं मापही नीट समजून घ्यावं लागतं. अमेरिकेत काचेच्या टाक्या गॅलनवर विकल्या जातात, कारण त्या मुळात माशांसाठी बनल्या. वीस गॅलनची ‘लाँग’ टाकी ३० इंच लांब, १२ इंच रुंद आणि १२ इंच उंच असते. वीस गॅलनचीच ‘हाय’ टाकी २४ इंच लांब, १२ इंच रुंद आणि १६ इंच उंच. पाणी दोन्हींत जवळपास तेवढंच मावतं, पण तळ पहिलीचा ३६० चौरस इंच आणि दुसरीचा २८८. जमिनीवर वावरणाऱ्या सापाला गॅलनशी काही देणंघेणं नसतं; त्याला तळ लागतो.

तो किती लागतो, याबाबत मत बदललं आहे. पेटीची लांबी सापाच्या लांबीच्या दोन-तृतीयांश असली की पुरे, असा सल्ला बरीच वर्षं दिला जाई. साप बहुतेक वेळ वेटोळं घालूनच बसतो, त्याला लांब पसरायची गरज नाही, हा त्यामागचा समज. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बंदिस्त ठेवलेल्या ६५ सापांचं निरीक्षण केलं गेलं. तासाभराच्या निरीक्षणात त्यांपैकी २४ सापांनी आपलं शरीर सरळ किंवा जवळजवळ सरळ ताणलं. वेटोळं ही विश्रांतीची एक रीत झाली. अंग ताणणं हीसुद्धा गरजच आहे. पेटीची लांबी निदान सापाच्या लांबीएवढी असावी, असं आता अनेक पशुवैद्य आणि जाणकार पाळणारे सांगतात. चार फुटांच्या कॉर्न स्नेकला चार फूट लांब आणि दोन फूट रुंद पेटी द्यावी, तिच्यात चढायला एखादी फांदी असावी, ही शिफारस याच विचारातून आली.

लांबीचं दुसरं कारण उष्णतेचं आहे. साप स्वतःच्या शरीरात पुरेशी ऊब तयार करत नाही. खाल्लेलं पचवायला तो उबदार जागी जातो, अंग तापलं की गार जागी सरकतो. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या बॉल पायथनला पेटीच्या एका टोकाला साधारण ३१-३२ अंश सेल्सियस आणि दुसऱ्या टोकाला २५-२६ अंश लागतात. छोट्या टाकीवर दिवा लावला की दोन्ही टोकं सारखीच तापतात आणि सापाला निवडच उरत नाही. पेटीची लांबी म्हणजे त्याच्यासाठी तापमानाची लांबी.

बॉल पायथनबद्दल एक गोष्ट हमखास ऐकू येते: त्याला मोठ्या पेटीत ठेवलं की तो घाबरतो आणि खाणं सोडतो. निरीक्षण खरं आहे, निष्कर्ष अपुरा आहे. हा साप कृंतकांच्या बिळांत आणि वाळवीच्या वारुळांत दडून राहणारा. उघड्या, रिकाम्या टाकीत तो घाबरणारच. त्यावर उपाय पेटी लहान करण्याचा नाही, ती भरण्याचा आहे. उबदार टोकाला एक आणि गार टोकाला एक अशा लपायच्या दोन घट्ट जागा द्याव्यात, मध्ये लाकूड, साल, पानं पसरावीत. मग चार फुटांची पेटी त्याला मोकळं मैदान वाटत नाही.

आता मापाप्रमाणे निवड. तीन फूट लांब, दीड फूट रुंद एवढीच जागा असेल तर केनियन सँड बोआ योग्य ठरतो. नर अर्ध्या मीटरच्या आत-बाहेर, मादी पाऊण मीटरपर्यंत. तो वाळूत स्वतःला पुरून घेणारा, म्हणून त्याला उंचीपेक्षा मातीचा जाड थर हवा. आपल्याकडचं मांडूळ याच्याच कुळातलं, एरिक्स या वंशातलंच. चार फुटांच्या पेटीत कॉर्न स्नेक किंवा बॉल पायथनचा नर राहू शकतो. बॉल पायथनची मादी नराहून मोठी होते, तिला आणखी जागा लागते. बोआ कन्स्ट्रिक्टरची मादी दोन मीटर सहज ओलांडते. तिच्यासाठी सहा ते आठ फुटांची पेटी हवी, म्हणजे छोट्या घरात तिचा विचारच नको. हिरवा ट्री पायथन झाडावर राहणारा. त्याला तळाइतकीच उंचीही महत्त्वाची आणि आडव्या फांद्या आवश्यक.

लांबीसोबत स्वभावही पाहावा. उत्तर अमेरिकेतला गार्टर स्नेक अंगाने बारीक, पण दिवसभर फिरणारा, सतत हुंगणारा. बॉल पायथन त्याच्यापेक्षा कितीतरी वजनदार, पण दिवसाचा बहुतेक वेळ लपलेला. नुसती जाडी पाहून गार्टरला लहान डब्यात ठेवलं तर त्याची कुचंबणा होते.

आणि हा हिशेब किती वर्षांचा? कॉर्न स्नेक १५-२० वर्षं जगतो. बॉल पायथन वीस-तीस वर्षं सहज. अमेरिकेतल्या सेंट लुईस प्राणिसंग्रहालयात १९६१ मध्ये आलेल्या एका बॉल पायथन मादीने २०२० साली, साठी ओलांडल्यानंतर, अंडी घातली. दहा वर्षांच्या मुलासाठी साप आणला, तर मूल शिकायला दूर गेल्यावरही तो घरात असतोच.

महाराष्ट्रातल्या श्रोत्यांसाठी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. नाग, धामण, मांडूळ, अजगर, कुठलाही देशी साप पकडून घरात ठेवणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. मांडुळाभोवतीच्या गुप्तधनाच्या अंधश्रद्धेने आधीच त्या निरुपद्रवी जिवाचे हाल केले आहेत. परदेशी सापांनाही नियम आहेत. वन्यजीवांच्या व्यापारावरच्या साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांत असलेल्या प्रजाती, बॉल पायथन त्यांपैकीच एक, बाळगणाऱ्याला २०२२ची कायदादुरुस्ती आणि २०२४चे नियम यांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. डिसेंबर २०२३ मध्ये बँकॉकहून मुंबई विमानतळावर आलेल्या एका प्रवाशाकडे बिस्किटं आणि केकच्या पुड्यांत लपवलेले ९ बॉल पायथन आणि २ कॉर्न स्नेक सापडले. त्या वाटेने आलेला साप कुणीही विकत घेऊ नये. परदेशातल्या मराठी कुटुंबांनीही आपापल्या ठिकाणचा कायदा पाहावा: ऑस्ट्रेलियात खासगी व्यक्तींना परदेशी साप पाळता येत नाहीत, हवाईत तर साप पाळायलाच बंदी आहे.

जिथे परवानगी आहे, तिथे पिल्लापेक्षा पूर्ण वाढलेला साप आणणं अनेकदा शहाणपणाचं ठरतं. ब्रिटनमध्ये आरएसपीसीए ही संस्था सोडून दिलेल्या सापांना नवी घरं मिळवून देते. अमेरिकेतही सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी आश्रयकेंद्रं आहेत. तिथला साप किती वाढेल, याचा अंदाज बांधावा लागत नाही. तो समोर मोजता येतो. त्याची लांबी, वय, लिंग आणि गोठवून वितळवलेले उंदीर तो खातो का, हे विचारावं. मग पेटी आधी तयार करावी, थर्मोस्टॅट लावावा, दोन्ही टोकांची तापमानं दोन-तीन दिवस लिहून ठेवावीत, झाकणाला पक्की कडी आहे ना ते तपासावं. आकडे स्थिर राहिले, की आश्रयकेंद्राला फोन करावा.