गोठ्याला हात लावूं द्या

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या पालकसभेंत केलेलें भाषण)



महोत्सवसमितीनें मला ‘मुलांचें धार्मिक संगोपन’ असा भारदस्त विषय नेमून दिला आहे. त्याचा मान राखून मी एका लहानशा गोष्टीपुरतेंच बोलणार आहें. ती गोष्ट म्हणजे नाताळचा गोठा. आणि त्याच्या ओघानें माझी स्वतःची एक चूक.

आपल्यापैकीं पुष्कळांस स्मरत असेल कीं येथें आल्यावर दुसऱ्याच वर्षीं मीं घरोघरच्या गोठ्यांची स्पर्धा सुरू केली. हेतु चांगला होता. बक्षिसें ठेविलीं, परीक्षक नेमले, आणि नाताळच्या आठवड्यांत स्वतः वही घेऊन घरोघर फिरलों. गोठे वर्षागणिक देखणे होत गेले. विजेच्या माळा आल्या, पाण्याचें कारंजें आलें, मोठ्या शहरांतून विकत आणलेल्या मूर्ति आल्या. गेल्या नाताळांत अशाच एका सुंदर गोठ्यासमोर मी उभा असतां त्या घरांतील सहा वर्षांचा मुलगा भिंतीला पाठ लावून, दोन्ही हात मागें बांधून उभा असलेला दिसला. “यांत तूं काय केलेंस?” असें मीं विचारलें. तो म्हणाला, “फादर, आम्हांला हात लावायचा नाहीं. नंबर जाईल.” माझ्या वहींत त्या गोठ्यास सर्वांत अधिक गुण पडले होते. ते मीं तसेच ठेविले. पण त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं.

ज्या गोठ्यापासून आपली ही चाल पसरली, तो असिसीच्या संत फ्रान्सिसानें इ. स. १२२३ च्या नाताळांत इटलींतील ग्रेच्चो गांवीं मांडला. त्यांत खरें गवत होतें, खरा बैल व खरें गाढव होतें, आणि आसपासचे लोक हातांत मशाली व मेणबत्त्या घेऊन आले होते. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनीं १ डिसेंबर २०१९ रोजीं त्याच गांवीं जाऊन गोठ्याविषयींच्या आपल्या पत्रावर सही केली. हा गोठा आईबापांपासून व आजीआजोबांपासून मुलांनीं शिकावयाचा असतो, असा त्या पत्राचा भाव आहे. त्याहून जुना दाखला वल्हांडणाचा. निर्गमाच्या बाराव्या अध्यायांत, मुलें या विधीचा अर्थ विचारतील तेव्हां काय सांगावें, हें मोशे आधींच सांगून ठेवितो. यहुदी घरांत आजही त्या रात्रीं सर्वांत धाकटें मूल प्रश्न विचारतें. आणि बऱ्याच घरांत बेखमीर भाकरीचा एक तुकडा लपवून तो मुलांकडून शोधविला जातो. दास्यमुक्तीसारखी गंभीर आठवण, पण तींत लपाछपीला जागा आहे!

आमच्या घरींही लपाछपी होती. माझे वडील भुसावळला रेल्वेंत सांधेवाले होते, आणि नाताळची रात्रपाळी बहुधा त्यांच्याच वाट्यास येई. आम्ही भावंडें आईबरोबर मध्यरात्रीच्या मिस्सेला जात असूं. परंतु वडील पहांटे घरीं येईपर्यंत गोठा रिकामा राही. बाळ येशू बापाच्या आधीं घरांत यावयाचा नाहीं, असा आईचा दंडक होता. (या दंडकास धर्मशास्त्रांत कोठेंच आधार नाहीं, हें मला सेमिनरींत गेल्यावर समजलें.) भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत शेजारच्या मुली भुलाबाईचीं गाणीं म्हणत, आणि गाणीं संपल्यावर झांकलेल्या डब्यांतला खाऊ ओळखीत. आईनें तीच युक्ति उचलली. बाळाची मूर्ति ती घरांत कोठें तरी लपवी. आम्हीं प्रश्न विचारावे, तिनें केवळ “होय” किंवा “नाहीं” म्हणावें. वडील दारांत उभे राहून हातबत्तीचा हिरवा दिवा दाखवीत, आम्ही “गाडी येऊं द्या!” म्हणून ओरडत असूं, आणि मग शोध सुरू होई. गोठा कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा, खालीं केळीचें सोपट, आणि दहाबारा दिवस आधीं पत्र्याच्या झांकणांत पेरलेल्या गव्हाचें हिरवें शेत. त्यावर आम्ही कापसाचें बर्फ पसरीत असूं. बेथलेहेमांत बर्फ क्वचितच पडतें म्हणे; पण खानदेशांत कापूस तर आपल्या घरचाच!

माझ्या चौदाव्या वर्षीं, ऑक्टोबरांत, वडील वारले. क्वार्टर सोडावें लागलें, हातबत्ती रेल्वेंत परत गेली, आणि आम्ही जळगांवीं एका खोलींत आलों. त्या नाताळांत गोठ्याचें नांव कोणींच काढलें नाहीं. मिस्सेहून परतल्यावर माझा नऊ वर्षांचा भाऊ घरांत येईना. पाहतों तों विजेरीच्या कांचेवर पतंगाचा हिरवा कागद चिकटवून तो दारांत उभा. आमच्यापैकीं कोणाच्याच तोंडून शब्द फुटेना. शेवटीं आईच म्हणाली, “गाडी येऊं द्या.” मूर्ति तिनें सकाळींच लपवून ठेविली होती, आम्हांला तें ठाऊक नव्हतें. ती ज्वारीच्या डब्यांत सांपडली.

त्या वर्षांत ऐकलेलें एकही प्रवचन मला आज आठवत नाहीं. आतां प्रवचन करणारा मीच असल्यामुळें हें कबूल करतांना थोडें जड जातें, पण खरें तें खरें. तो भाऊ आतां परगांवीं नोकरीस आहे. त्याची विजेरी दर नाताळांत त्याच्या मुलींच्या हातीं असते. आजोबांना त्यांनीं पाहिलें नाहीं, पण हिरवा दिवा कोणाचा, हें त्या बरोबर सांगतात.

आपल्यांत कोणी जिनिंगमध्यें, कोणी दुकानांत, कोणी फिरत्या पाळीवर कामास आहे, हें मी जाणतों. कर्ज काढून सण करा, असें मी म्हणत नाहीं. उलट तें करूं नका. नाताळच्या दिवसांत वांगीं ऐन भरांत असतात. गोठा झाल्यावर उरलेल्या काड्यांवर अंगणांत भरिताचीं वांगीं भाजा, आणि तीं उलथण्याचें काम मुलांना द्या. बोटें काळीं होतील, होऊं द्या.

स्पर्धा मीं या वर्षापासून बंद केली आहे. बक्षिसांसाठीं देणगी देणाऱ्या सज्जनांची मी क्षमा मागतों. देवळांतला गोठा यंदा धर्मशिक्षणाच्या वर्गांतील मुलें करीत आहेत. काड्या व केळीचें सोपट ज्यांच्या शेतांत असेल त्यांनीं ख्रिस्तागमनाच्या तिसऱ्या रविवारपर्यंत आणून द्यावें. मुलांनीं परवां मातीचें गाढव केलें. तें उंटासारखें दिसतें, आणि त्याचा एक कान आतांच गळून पडला आहे. आपल्यांतील हौशी कारागिरांस विनंति, कीं कृपा करून कोणीं तें दुरुस्त करूं नये.