पैसा कुठल्या पेटीतला?



येलदरीत पाहुणा आला की तो धरणावर बोलतो. मी नाही बोलणार. पूर्णेचं पाणी तुम्ही माझ्याहून जास्त पाहिलंय. माझा जन्म बँकेत कर्जाच्या फायली चाळण्यात गेला, तेव्हा मला हिशेबावरच बोलता येईल. हिशेब एका बाईचा आहे. तिचा फोटो पुष्कळ सरकारी कचेऱ्यांत हार घालून लावलेला असतो. डोईवर पदर, हातात शिवलिंग. त्या चित्रात कुणी वही का काढली नाही, हे मला कधी कळलं नाही.

पूर्णा ओलांडून गेलं की औंढा नागनाथ. हिंगोली १९९९ साली वेगळी झाली, तोवर औंढा आपल्याच परभणीत होतं. तिथे देवळासमोर उभं राहून जरा मान वर करा. खाली जुनं दगडी काम, शिल्पांनी खच्चून भरलेलं. वर मात्र साधं पांढरं शिखर, मागाहून चढवलेलं. हा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांचा, असं सांगतात. पण होळकरांची दौलत माळव्यात आणि आपला हा मुलूख त्या वेळी निजामाचा. इथून त्यांना सारा मिळत नव्हता. मग इथे लावायला पैसा आला कुठून? बँकेतल्या माणसाला पहिला प्रश्न हाच पडतो.

पैसा आला खासगीतून. आज आपण खासगी शिकवणी म्हणतो, खासगी गाडी म्हणतो. होळकरांच्या घरात ‘खासगी’ ही एक जहागीर होती. १७३४ साली बाजीराव पेशव्यांनी मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाईंच्या नावे ती करून दिली. काही गावं माळव्यातली, काही दख्खनेतली, वर्षाचं उत्पन्न जवळपास ३ लाख रुपये. नवऱ्याची दौलत वेगळी, बायकोची खासगी वेगळी. इंग्लंडात त्या काळी लग्न झालं की बाईची कमाई कायद्यानेच नवऱ्याची होई. तिथे हे बदलायला १८७० आणि १८८२ चे कायदे यावे लागले.

गौतमाबाई १७६१ मध्ये गेल्या आणि खासगी सुनेकडे आली. सून म्हणजे अहिल्याबाई, चौंडीच्या माणकोजी शिंदे पाटलांची लेक, जन्म १७२५ चा. नवरा खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पडला होता. पुढे १७६६ मध्ये सासरे गेले आणि वर्षभरात मुलगा मालेरावही. या दुःखांवर आपल्याकडे खूप लिहिलं गेलंय, मी त्यात भर घालत नाही. तेव्हापासून १७९५ पर्यंत, जवळजवळ २८ वर्षं, त्या बाईच्या हाती दोन पेट्या होत्या, एवढं ध्यानात ठेवा. राज्याचा वसूल राज्यकारभाराला आणि सेनापती तुकोजी होळकरांच्या फौजेला. काशी, गया, औंढा यांसारखी धर्माची कामं खासगीतून. स्वतःचा पैसा आणि रयतेचा पैसा एका थैलीत पडू द्यायचा नाही. ऐकायला सोपं वाटतं. ग्रामपंचायतीत किंवा पतपेढीत बसून एकदा करून पाहा.

खासगीचा पैसाही शेवटी त्या गावांतल्या कुणब्याच्या घामाचाच ना, असं कुणी म्हणेल. खरंच आहे. मीही त्यांना देवी म्हणत नाही. देवीला हिशेब द्यावा लागत नाही, त्या हिशेब ठेवत होत्या.

दुसऱ्याच्या पैशाचं काय करायचं, हेही त्यांना कळत होतं. कंपनी सरकारचा अधिकारी जॉन माल्कम याने १८२३ च्या आपल्या पुस्तकात इंदूरच्या देवीचंद नावाच्या सावकाराची हकीकत दिली आहे. तो निपुत्रिक वारला. तुकोजींची छावणी जवळच होती. त्या संपत्तीत वाटा घ्यावा असं कुणीतरी त्यांच्या कानी घातलं. सावकाराच्या विधवेने थेट अहिल्याबाईंची राजधानी महेश्वर गाठली. अहिल्याबाईंनी तिला वारस ठरवून मानाची वस्त्रं दिली आणि तुकोजींना इंदुरापासून तळ हलवायला सांगितलं. आपल्याच सेनापतीला, बरं का. खरगोणच्या दोन विधवांनी तर आपण होऊन धन पुढे केलं. अहिल्याबाईंनी ते घेतलं नाही. तुमच्याच गावात लोकांच्या उपयोगाला लावा म्हणाल्या. त्यातून नदीचा घाट आणि गणपतीचं देऊळ उभं राहिलं. महेश्वरला त्यांनी विणकर वसवले. महेश्वरी लुगडं आजही विकलं जातं, तेव्हा हा व्यवहार काही तोट्याचा नव्हता.

आता आपल्या जिंतूर तालुक्याकडे येऊ. इथे एक शब्द सगळ्यांना पाठ असतो, हक्कसोड. बाप गेला की बहिणींना तहसिलात बोलावतात, वाटा सोडल्याची सही घेतात, जेवू घालतात. मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलाच्या बरोबरीचा वाटा महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, देशाने २००५ मध्ये. त्याच्याही आधी शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ म्हणून गावोगाव फिरून नवऱ्यांना विनवलं होतं, थोडी जमीन बायकोच्या नावे करा. काहींनी केलीही. पण आजही फाईल उघडली की सातबाऱ्यावर बाईचं नाव बहुधा ती विधवा झाल्यावरच दिसतं. गौतमाबाईंच्या नावाची सनद नवरा जिवंत असताना झाली होती.

माझ्या आईने हक्कसोड केला, त्या दिवशी मी तिच्यासोबत होते. मामांचा मला राग नाही, ते जिवाला जीव देणारे होते. साडीचोळी झाली, पुरणपोळी झाली. परतताना एसटीत आई खिडकीतून एकटक बाहेर बघत होती. मला वाटलं, तिला गाडी लागली.

पुढे बँकेत लागल्यावर तिचं खातं मीच उघडलं. खातं उघडायला काही स्थावर लागत नाही, पण नोकरी नवी होती आणि माझी हौस मोठी. म्हणून शेजारचा कर्जाचा फॉर्मही गमतीने भरायला घेतला. ‘स्थावर मालमत्ता’ या रकान्याशी थांबून मी तिला विचारलं, काय लिहू? ती म्हणाली, “मामाचं शेत लिही की, विहिरीजवळचं.”