गाव तोडीला जातं, त्याचं नाटक
(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचं शब्दांकन)



सकाळपासून कापसाच्या भावावर बोलणं झालं, ज्वारीवर झालं, कर्जावर झालं. मला विषय दिलाय नाटकाचा. तुमच्यातले काही मनात म्हणत असतील, बोंडअळीनं कपाशी खाल्ली आणि हे नाटक कुठं घेऊन बसले? मी शेतकी पदवीधर. तोंडाला कधी रंग लावला नाही. तरी या वाटेला कसा लागलो, ते आधी सांगतो.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या एका गावात मी बैठक लावली. महिना डिसेंबर. विषय जागच्या जागी पाणी मुरवण्याचा. रब्बी ज्वारीच्या रानात बंदिस्त वाफे कसे करायचे, उताराला आडवी मशागत का करायची, सगळे तक्ते घेऊन गेलो. देवळासमोर पाहतो तर दहा-बारा म्हातारी माणसं आणि शेंबडी पोरं. एक आजोबा शेवटपर्यंत ऐकून घेऊन म्हणाले, "साहेब, तुमचं समदं खरं. पण वाफे घालायला गावात माणूस दाखवा की."

गाव तोडीला गेलं होतं. पिकाला किती ओल लागते ते विद्यापीठानं मला शिकवलं. पीक घेणारा माणूस वर्षातले पाच महिने कुठं असतो, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

मग मी फॉर्म छापून घेतले. उचल किती, फिटली किती, पोरं कुठं राहिली. लोकांनी उत्तरं दिली, पण बेताची. नवरा म्हणाला, "बरं चाललंय." बाई दाराआड उभी राहिली. कर्जाचा आकडा कुणी खरा सांगत नाही, आणि अनोळखी माणसाला तर नाहीच. त्यात लबाडी नसते, अब्रू असते.

पाडव्यानंतर लोक परतले. यात्रेच्या दिवसांत तिथल्या पोरांनी ठरवलं, औंदा तमाशाच्या सुपारीत पैसे घालायचे नाहीत, आपणच खेळ करू. विषय तोडीचा. मी फक्त पेट्रोमॅक्ससारखा उजेड धरून उभा होतो, असं समजा.

पहिला प्रवेश उचलीचा. पोरांनी मुकादमाला मोठ्या मिशा लावल्या, हातात काठी दिली. लोक हसले. गर्दीत गावातलाच एक मुकादम बसला होता. तो उठला. आम्हाला वाटलं, आता भांडण होतंय. तो म्हणाला, "मिशा लावा, काय लावायचं ते लावा. पण माझ्या डोक्यावरची उचल बी दाखवा. टोळी पळाली तर कारखाना मला धरतो. मागच्या साली दोन एकर गेलं माझं." पोरं गप्प झाली. खरं तर तेही खरं होतं. मग त्यालाच मांडवात बोलावलं आणि त्याचं म्हणणं त्याच्याच तोंडून मांडून घेतलं.

दुसरा प्रवेश फडातला. एक पोरगा लुगडं नेसून डोक्यावर मोळी घेऊन चालायला लागला. बायकांच्या बाजूनं आवाज आला, "आरं, अशी न्हाई उचलत मोळी!" ती बाई पुढं आली. पहाटे चारला कोपीतून उठणं, थंडीत ऊस साळणं, मोळी बांधून फळीवरून गाडीत चढणं, सगळं तिनं करून दाखवलं. आणि करता करता बोलली. आजारी पडलं की खाडा. खाड्याचा दंड. म्हणून दुखणं अंगावर काढायचं.

माझ्या फॉर्ममध्ये दुखण्याचा रकाना होता. तो सगळीकडे कोराच राहिला होता.

भावांनो, हे दुखणं किरकोळ नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची 2019 साली सरकारी समितीमार्फत पाहणी झाली. 82,309 बायकांपैकी 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. म्हणजे दर सहा बायकांमागं एक. हा आकडा कागदावर यायला विधिमंडळात आवाज व्हावा लागला. पण गावातल्या बायकांना तो कधीपासून ठाऊक होता. त्यांना बोलायला जागा नव्हती, इतकंच.

तिसरा प्रवेश हिशेबाचा. शाळेतला फळा आणून मांडवात ठेवला. तुम्हीही मनात आकडे धरा. 2024 च्या जानेवारीत तोडणीदर 34 टक्क्यांनी वाढवायचं ठरलं. टनाला 366 रुपये धरू. जोडी दिवसाला 2 टन तोडते असं धरलं तर 732 रुपये. उचल 1 लाख. ती फेडायला 137 दिवस पाहिजेत. ऊस कमी निघाला, कारखाना 120 दिवसांत बंद झाला. त्यात 10 दिवस आजारपण. 110 दिवसांचे झाले 80,520. खाड्याचे दिवसाला 500 प्रमाणे 5,000 वजा. फिटले 75,520. अंगावर राहिले 24,480. यात मधली खर्ची धरलेलीच नाही. म्हणजे पुढच्या सालचा कोयता याच साली बांधला गेला.

हा हिशेब भाषणात सांगितला तर लोक माना डोलावतात. नाटकात फळ्यावर पोरानं आकडा लिहिला तेव्हा पाठीमागून एकजण ओरडला, "आमचे खाडे वीस लावले होते!" दुसरा म्हणाला, "आमची चिठ्ठीच दिली नाही." ज्याला त्याला वाटत होतं, हा आपल्याच नशिबाचा फेरा आहे. त्या रात्री कळलं, तो सगळ्या गावाचा आहे.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही कापूस-ज्वारीवाले शेतकरी, तोडीवाल्यांचं आम्हाला काय? इथंच आपली गफलत होते. तोडीला जाणारा कोण आहे? तीन-चार एकर कोरडवाहू असलेला, जुलैत पेरून ऑगस्टच्या उघडिपीत मोडलेला शेतकरीच आहे. त्याची उचल कशात जाते? सावकाराचं देणं, दवाखाना, पोरीचं लग्न. एका भावाच्या हातात तिफण आणि दुसऱ्याच्या हातात कोयता, घर एकच. शेती पोसत नाही म्हणून माणूस फडात जातो, आणि माणूस फडात गेला म्हणून शेतीत ओल मुरवायचं राहून जातं. हा फेरा नाटकात डोळ्यांपुढं उभा राहतो.

हे काही आम्ही नव्यानं काढलेलं नाही. जोतीराव फुल्यांनी 1855 साली 'तृतीय रत्न' लिहिलं, त्यात अडाणी कुणबी नवरा-बायकोची लुबाडणूक मांडली आणि शेवटी त्यांना शाळेच्या वाटेला लावलं. अण्णा भाऊ साठे लहानपणी वाटेगावाहून घरच्यांबरोबर पायी मुंबईला गेले. पोटासाठी गाव सोडणं म्हणजे काय ते त्यांनी भोगलं आणि तमाशाचं रूप बदलून लोकनाट्यातून मांडलं. तिकडं बिहारात भिखारी ठाकूर नावाचा नाभिक माणूस कमाईसाठी खडगपूरला गेला, परत येऊन त्यानं नाच मंडळी उभी केली. त्याच्या 'बिदेसिया'त नवरा कलकत्त्याला जातो, मागं राहिलेली बायको वाटसरूजवळ निरोप धाडते. आपल्याकडं जशी तोड, तशी त्यांच्याकडं कलकत्त्याची वाट. आणि आपल्या विदर्भात 'तेरवं' या नाटकात आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांच्या बायका स्वतः रंगमंचावर उभ्या राहिल्या. त्यांच्यातल्याच वैशाली येडे यांच्या हस्ते 2019 साली यवतमाळच्या साहित्य संमेलनाचं उद्घाटन झालं.

ब्राझीलच्या ऑगस्टो बोआल यांनी आणखी एक युक्ती दिली. नाटक अडचणीच्या जागी थांबवायचं आणि प्रेक्षकालाच विचारायचं, इथं तू असतास तर काय केलं असतंस? ये, करून दाखव. आमच्या त्या बाईनं न शिकता तेच केलं होतं.

पण सावध राहा. गावातल्या कुणा बाईचं दुखणं तिला न विचारता मांडू नका. नावं बदला, घरं बदला. रडणाऱ्या माणसाच्या तोंडावर उजेड धरू नका. आणि मुकादमाला राक्षस करून टाळ्या घेऊ नका. त्यानं पैसा कुठून सुटतो आणि कुठं जातो हे झाकलं जातं.

नाटकानं दर वाढत नाही, हे मीही जाणतो. मग त्या गावात काय झालं? तीन गोष्टी झाल्या. उचल घेताना रक्कम, खाड्याचा दंड आणि हिशेबाची तारीख वहीत लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घ्यायच्या असं ठरलं. पोरांसाठी हंगामी वसतिगृहाचा अर्ज दिवाळीनंतर धावपळीत करण्याऐवजी पावसाळ्यातच गेला. तिसरी गोष्ट एका म्हातारीनं सुचवली. ती म्हणाली, "26 जानेवारीच्या ग्रामसभेत तोडीवाल्यांचा विषय काढता, तवा ते असत्यात फडात. हात कोण वर करणार?" तेव्हापासून तोडीचे सगळे ठराव 1 मेच्या ग्रामसभेत येतात. वसतिगृहाचा अर्ज पहिल्या साली नामंजूर झाला, दुसऱ्या साली झाला मंजूर. खाड्याचा दंड अजून आहे. वही नाकारणारे मुकादमही आहेत.

तेव्हा इथून गेल्यावर एवढंच करा. पाडवा ते अक्षय्य तृतीया या दिवसांत गावात वीस मिनिटांचा खेळ बसवा. तीनच प्रवेश: उचल, फड, हिशेब. पडदा नको, माईक नको, फळा मात्र पाहिजे. बायकांना पुढच्या रांगेत बसवा. कुणी मधेच उठून "असं नसतं" म्हणालं तर त्याला खाली बसवू नका, मांडवात घ्या. जे बाहेर येईल ते त्याच रात्री वहीत उतरवा आणि 1 मेच्या ग्रामसभेत ठेवा. पुढच्या जिल्हा मेळाव्याला येताना ती वही घेऊन या. भाषणं कमी करू आणि वह्या वाचू.

एवढं बोलून मी थांबतो.