आधी अडचण, मग यंत्र

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले 2009 मध्ये शिक्षक म्हणून रुजू झाले. पुस्तकाची भाषा मुलांच्या घरची नव्हती. त्यांनी मजकूर मुलांच्या मातृभाषेत आणला आणि पुस्तकात क्यूआर कोड दिले. कोडवर मोबाइल धरला की कविता ऐकू येते, धडा दिसतो. पुढे बालभारतीच्या पुस्तकांतही असे कोड आले. इंटरनेटवरून त्यांनी परदेशांतल्या मुलांशीही आपल्या मुलांची गाठ घालून दिली. 2020 चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा दहा लाख डॉलरपैकी निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली.

आपल्या सेलू तालुक्यात कोणी विचारेल, घरोघरी मोबाइल कुठे, रेंज कुठे? आक्षेप रास्त आहे. पण गुरुजींचा एक मोबाइल आणि त्यात आधीच उतरवून ठेवलेला धडा, एवढ्यावरही वर्गाचं काम भागतं. खरी मेहनत आहे ती मुलाचं नेमकं कुठे अडतं हे ओळखण्याची. डिसले गुरुजींनी आधी अडचण ओळखली, साधन नंतर निवडलं. म्हणून शाळेला संगणक देताना शिक्षकाला वेळ, प्रशिक्षण आणि मोकळीकही द्यायलाच हवी.