बाप्तिस्म्यानंतरची आठ वर्षं



उपवासकाळातल्या या व्याख्यानमालेत मला ‘अंतःकरणाची शुद्धता’ हा विषय दिला आहे. डोंगरावरचं प्रवचन तुम्हाला रविवारच्या शाळेपासून ठाऊक आहे. दाविदाचं ५१वं स्तोत्र तर तुमच्यातल्या अनेकांना पाठ असेल. म्हणून तिथं न थांबता मी थेट पंडिता रमाबाईंकडे जातो. (पुढच्या रांगेतून ‘वाटलंच होतं!’ हशा.) हसा, पण आज बाईंच्या चरित्रातला जो भाग मला सांगायचा आहे, तो आपण गौरवग्रंथांतून नेहमी दोन ओळींत उरकतो.

बाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये, वाँटेज इथं झाला. त्यानंतर त्या अमेरिकेला गेल्या, हिंदू स्त्रीच्या स्थितीवर पुस्तक लिहिलं, व्याख्यानं देत फिरल्या, निधी उभा केला. मार्च १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडलं, पुढच्याच वर्षी ते पुण्याला आणलं. गोदूबाई, म्हणजे पुढच्या आनंदीबाई कर्वे, याच सदनात शिकल्या. एका आयुष्याला पुरून उरेल एवढं काम! आणि १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत बाई काय सांगतात? बाप्तिस्मा घेताना मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तो मिळायला आणखी आठ वर्षं गेली. म्हणजे १८९१. म्हणजे सदन उघडलं, विधवा शिकू लागल्या, नाव दूरवर गेलं, आणि बाईंच्याच हिशोबानं त्या वेळी आतली जागा रिकामी होती.

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मी कुठंही मांडायला तयार आहे: अंतःकरणाच्या नवीकरणाची सर्वांत जास्त गरज काम करणाऱ्या माणसाला असते. ज्याच्या हातून उघड पाप घडतं त्याला निदान बोचणी लागते. चांगलं काम करणाऱ्याला ती लागत नाही, कारण वार्षिक अहवाल त्याच्या बाजूनं बोलत असतो.

बाईंना ही बोचणी कशी लागली? त्यांनी विल्यम हॅस्लम यांचं आत्मचरित्र वाचलं. हे हॅस्लम कॉर्नवॉलमध्ये बाल्डू गावचे पाळक. चर्च उभारण्यात त्यांचाच पुढाकार, उपासना नेटकी, गावात मान. एका अनुभवी पाळकानं त्यांना स्पष्ट सांगितलं, तुमचं स्वतःचंच तारण झालेलं नाही. माणूस हादरला. १८५१ सालची गोष्ट. त्या रविवारी उपदेश करायचा नाही, लोकांना घरी पाठवायचं, असं ठरवून ते उपासनेला उभे राहिले. पण शास्त्रपाठ वाचल्यावर दोन शब्द बोलावेसे वाटले. बोलता बोलता व्यासपीठावरच त्यांच्या अंतःकरणात उजेड पडला, आणि तो त्यांच्या चेहऱ्यावर इतका दिसला, की मंडळीतला एक जण उठून ओरडला, पाळकाचं तारण झालं! (हशा, टाळ्या.)

पाळकसाहेबही हसले, बरं वाटलं. आता जरा अवघड बोलतो. एका संस्थेच्या विश्वस्तांच्या बैठकीला मी बसलो होतो. सुरुवातीला प्रार्थना झाली. ‘आमेन’नंतर इतिवृत्ताची वही उघडली आणि मागच्या सभेत कोण काय म्हणालं यावरून जो वाद पेटला, तो शेवटी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात पोहोचला. प्रार्थना करणारा आणि पहिली तक्रार करणारा माणूस एकच होता. (मागून कुजबुज.) मी कोणाचं नाव घेत नाही, घेणारही नाही. त्यातले सगळे जण कष्टाळू होते. कामात कुठंही खोट नव्हती. म्हणूनच मला ते आठवलं की झोप येत नाही.

आता बाईंनीच उभारलेलं मुक्तिसदन. केडगाव, पण आपल्या नगरजवळचं नव्हे, दौंड तालुक्यातलं. १९०५च्या जानेवारीत बाईंनी प्रार्थनेचा गट सुरू केला. जूनपर्यंत पाचशेवर जणी रोज जमू लागल्या. २९ जूनच्या पहाटे वसतिगृहात एका मुलीला वाटलं, शेजारची पेटली आहे. ती धावत गेली, पाण्याची बादली उचलून आणली, आता ओतणार, तेवढ्यात तिला दिसलं की आग कुठंच नाही. तिथंच बाईंसोबत काम करणाऱ्या मिनी एब्रम्स यांनी ही हकिगत लिहून ठेवली आहे. त्या आगीबद्दल लोक फार बोलतात. मला दुसऱ्या दिवसाचं जास्त वाटतं. रमाबाई योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय समजावून सांगत होत्या. मुली मोठ्यानं रडू लागल्या, पापं कबूल करू लागल्या, आणि बाईंना बोलणं थांबवावं लागलं. भागवत मुखोद्गत असलेली, कलकत्त्याच्या पंडितांनी ‘सरस्वती’ म्हणून गौरवलेली ही बाई! पोरींना गप्प करणं तिला सहज जमलं असतं. तिनं स्वतःचं बोलणं थांबवलं. आठ वर्षं आतून रिकामं असल्याचं ज्यानं स्वतःशी कबूल केलं आहे, त्यालाच हे जमतं.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे, पाच मिनिटं. टिळकांसाठी मी अर्धा तास ठेवला होता. एवढंच सांगतो: रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५चा, आणि मिशनचा पगार सोडून ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा त्यांनी मांडला १९१७ मध्ये. बावीस वर्षांनी, तेही सगळीकडे कवी म्हणून नाव झाल्यावर. याच नगरच्या सेमिनरीत ते शिकवत होते.

उत्तम शुक्रवाराच्या आदल्या संध्याकाळी आपल्याकडे प्रभुभोजन असतं. या सभागृहात एकमेकांविरुद्ध दावे लढवणारी माणसं बसली आहेत, हे सर्वांना माहीत आहे. दाव्याचं काय ते वकील बघतील. पण त्या संध्याकाळच्या आत एकदा एकमेकांच्या घरी जाऊन या. फोन नको, प्रत्यक्ष जा. प्रश्नोत्तरांना वेळ उरलेला नाही. ज्यांना माझं म्हणणं पटलं नसेल त्यांच्यासाठी मी बाहेर पायरीपाशी थांबतो.