काटा खाली आला, पण घटलं काय?

(वस्तीपातळीवरील महिला गटांच्या एकदिवसीय आरोग्य शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)

सकाळी नावनोंदणीच्या टेबलाजवळ वजनकाटा ठेवला होता. त्यावर उभं राहण्याआधी कुणी चपला काढल्या, कुणी पर्स शेजारणीकडे दिली, एका मावशींनी तर बांगड्याही काढल्या. आपण सगळ्या हसलो. पण काट्यावरून उतरताना बऱ्याच जणींचा चेहरा गुन्हा कबूल केल्यासारखा झाला होता. म्हणून आज वजनाबद्दल बोलायचं ठरवलं. ‘बायकांनी बारीक व्हावं’ हे सांगायला मी उभी नाही. ते सांगणारे आपल्या भोवती पुष्कळ आहेत. लग्नाआधी स्थळं बघणारे सांगतात, बाळंतपणानंतर सासरचे सांगतात, आणि उरलेलं काम जाहिराती करतात.

आधी आमच्या गटातल्या एका ताईची गोष्ट सांगते. वय बेचाळीस, वजन अडुसष्ट किलो. दवाखान्यात तपासणी झाली तेव्हा साखर सीमेवर निघाली. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, ‘वजन कमी करा.’ कसं, ते लिहिलं नाही आणि सांगितलंही नाही. बाईला एकच मार्ग ठाऊक होता, तो म्हणजे न खाण्याचा. सकाळी चहा, दुपारी चहा, रात्री एक पोळी. सोमवार, गुरुवार, चतुर्थी हे उपास वेगळे. तीन महिन्यांत सात किलो उतरले. घरात कौतुक झालं. पण ती मला म्हणाली, “ताई, वजन गेलं, पण आता भरलेला हंडा कमरेवर येत नाही. जिना चढताना पाय थरथरतात.” केसही गळत होते. वर्षभरात वजन परत आलं, उलट दोन किलो वाढून. हंडा मात्र जडच राहिला.

यात काय घडलं? काटा फक्त एकूण वजन सांगतो. त्यात चरबी किती, स्नायू किती, पाणी किती, हे तो सांगत नाही. आपण उपाशी राहतो तेव्हा शरीर चरबी जाळतं, तसे स्नायूही मोडून खातं. नुसतं खाणं तोडून उतरवलेल्या वजनात ढोबळमानाने पाव हिस्सा चरबीखेरीज इतर भागाचा, म्हणजे मुख्यतः स्नायूंचा असतो. प्रथिनं कमी आणि व्यायाम शून्य असेल तर त्याहून जास्त. वजन परत येतं तेव्हा मात्र बहुतांशी चरबीच येते. म्हणजे दर खेपेला आपण ताकद देतो आणि चरबी घेतो. सौदा तोट्याचा आहे. भूक मारण्याची जी नवी इंजेक्शनं निघाली आहेत, त्यांनाही हाच हिशेब लागू आहे.

आपल्या लोकांत हा प्रश्न जास्त बोचरा आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी यावर आयुष्यभर काम केलं. 2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि इंग्लंडच्या डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो छापून आला होता. उंचीच्या मानाने दोघांचं वजन अगदी सारखं, बीएमआय 22.3. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात 21.2 टक्के! बारीक दिसणाऱ्या भारतीय शरीरातही स्नायू कमी आणि चरबी जास्त, तीही पोटाभोवती, असं असू शकतं. म्हणून ‘मी कुठे जाड आहे?’ म्हणणाऱ्या मैत्रिणींनीही हे ऐकायला हवं.

स्नायू कशाला हवेत? पहिलवान व्हायला नव्हे. जेवणानंतर रक्तात येणारी साखर मोठ्या प्रमाणावर स्नायूच उचलतात. स्नायू घटले की साखरेला जागा उरत नाही. चाळिशीनंतर ते आपोआप घटू लागतात, पाळी जाताना हाडंही विरळ होतात. म्हातारपणी मोरीत पाय घसरला तर सावरायला मांडीत जोर लागतो. आपलं आपण उठणं-बसणं, संडासला जाणं, यासाठी कुणावर अवलंबून राहायचं नसेल तर ही पुंजी आत्ताच सांभाळायला हवी.

आता ताटाकडे वळू. साठ किलो वजनाच्या बाईला रोज साधारण पन्नास ग्रॅम प्रथिनं लागतात. वजन उतरवत असताना साठ-सत्तरपर्यंत गेली तर बरं. आपण खातो किती? चार पोळ्यांतून बारा ग्रॅम, पातळ आमटीच्या वाटीतून चार, थोड्या भातातून चार, भाजीतून दोन, चहाच्या दुधातून तीन, सकाळच्या पोह्यांतून तीन. बेरीज अठ्ठावीस! तीही आमटीत तळाची डाळ आपल्या वाट्याला आली तर. घट्ट वरण वाढलं जातं ते आधी बसणाऱ्यांना. शेवटी बसणारीला पाणी उरतं.

यात मटकीची किंवा मुगाची उसळ वाटीभर घाला, सात ग्रॅम वाढतील. मूठभर फुटाणे किंवा शेंगदाणे, सहा-सात. पेलाभर दूध किंवा दही, सहा-सात. दोन अंडी, बारा. अंडी चालत नसतील तर मूठभर सोयाबीन भिजवून भाजीत घाला, दहा-अकरा. साठ ग्रॅम झाले. सुके बोंबील खाणाऱ्यांचं काम आणखी सोपं आहे. पण शेंगदाण्यांत तेल भरपूर असतं, तेव्हा मूठ एकच. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नाहीतच. खिचडीला जे काही सत्त्व असतं ते दाण्याच्या कुटाचं. उपास करू नका असं मी म्हणत नाही. उपासाला दूध, दही, राजगिरा घ्या.

मग कमी काय करायचं? दिवसाला चार कप चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे चाळीस ग्रॅम साखर, दीडशेच्या वर कॅलरी. तिथून सुरुवात करा. मग फरसाण, बिस्किटं, मुलांच्या ताटातलं ‘वाया जाईल म्हणून’ खाल्लेलं उरलंसुरलं. तेल बुधल्यातून ओतू नका, चमच्याने मोजा. भात आणि पोळी बंद करायची नाही, थोडी कमी करायची आणि ती जागा उसळीला द्यायची. आठवड्याला अर्धा किलोपेक्षा जास्त उतरवायची घाई नको.

दुसरी बाजू व्यायामाची. इथे दरवेळी प्रश्न येतो, “आम्ही दिवसभर राबतोच की, वेगळा व्यायाम कशाला?” प्रश्न रास्त आहे. घरकाम हे श्रमच आहेत, त्यांना कुणी कमी लेखू नये. पण स्नायू वाढतात ते त्यांच्यावर थोडा थोडा वाढता भार पडला तर. रोज तेच भांडं त्याच हाताने घासून कंबर दुखते, ताकद वाढत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली सांगितलं की, मोठ्या माणसांनी आठवड्याला निदान दीडशे मिनिटं भरभर चालण्यासारखा व्यायाम करावा आणि दोन दिवस ताकदीचा. चालणं आपल्याला पटतं. ताकदीचा भाग आपण सोडतो, आणि स्नायू राखतो तो नेमका तोच.

त्याला जिम लागत नाही. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं-बसायचं, दहा वेळा. भिंतीला हात टेकून जोर, दहा वेळा. पायरीवर उभं राहून टाचा वर-खाली. दोन्ही हातांत पाण्याच्या लिटरच्या बाटल्या घेऊन खांद्यावर उचलायच्या. पाठीवर झोपून कंबर उचलायची. प्रत्येक प्रकार दोन-तीन फेऱ्या, मध्ये विसावा. सोपं वाटू लागलं की संख्या किंवा वजन वाढवायचं. गरोदर असाल, रक्तदाब, मधुमेहाच्या गोळ्या, मूत्रपिंडाचा विकार किंवा गुडघ्याचं दुखणं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि रक्त तपासून घ्या. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 57 टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. तो असेल तर व्यायामाआधी त्याचा इलाज.

आमच्या गटाने समाजमंदिरात आठवड्यातून दोनदा हे सुरू केलं. चौदा जणी आल्या, सहा गळाल्या. आळस म्हणून नव्हे. नळाला पाणी यायची वेळ तीच होती. वेळ बदलली तेव्हा त्यातल्या तिघी परतल्या. ती पहिली ताईही होती. सहा महिन्यांत तिचं वजन तीनच किलो उतरलं. ती हिरमुसली. मग टेप लावली, कंबर दोन इंचांनी कमी भरली. आणि हंडा पुन्हा कमरेवर आला. ती म्हणाली, “काटा काही बोलो, मला माझं कळतंय.”

तिने घरात एकच बदल केला. उसळ झाली की आपली वाटी आधी बाजूला काढून ठेवायची. सासूबाई आठवडाभर बोलल्या नाहीत. मग एक दिवस त्यांनीच विचारलं, “माझी वाटी कुठाय?”

मैत्रिणींनो, खरा प्रश्न या वाटीचाच आहे. 2013च्या अन्नसुरक्षा कायद्याने रेशनवर धान्याचा हक्क दिला, डाळीचा दिला नाही. पोट भरतं, स्नायू उपाशी राहतात. ही मागणी आपल्याला लावून धरायची आहे. पण घरातली वाटी आणि आठवड्यातले दोन अर्धे तास मिळवायला कायदा बदलायची वाट बघायला नको.

घरी गेल्यावर एक करा. काटा कोपऱ्यात ठेवा आणि शिलाईची टेप काढा. श्वास सोडून, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध माप घ्या. 80 सेंटिमीटरच्या वर असेल तर लक्ष द्यायला हवं. मग हात न टेकता खुर्चीवरून तीस सेकंदांत किती वेळा उठता येतं ते मोजा. दोन्ही आकडे लिहून ठेवा. तीन महिन्यांनी पुन्हा भेटू, तेव्हा पहिला आकडा खाली आणि दुसरा वर गेलेला असू दे. काट्याचं मग बघू.