इतिहास कशासाठी शिकवायचा?

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



विहारात रविवारी मुलांचा वर्ग भरतो. तिथं इतिहास शिकवावा की नाही, असा प्रश्न काही पालकांनी काढला. त्यांचं म्हणणं, जुन्या जखमा लेकरांना कशाला दाखवायच्या? त्यांनी शिकावं, नोकरीला लागावं. पालकांची काळजी खरी आहे. पण इतिहास सूड उगवण्यासाठी शिकवायचा नसतो. अन्याय कसा चालतो आणि माणसं तो कशी थांबवतात, हे ओळखता यावं म्हणून शिकवायचा असतो.

मी गिरणी कामगार, म्हणून पहिलं उदाहरण धाग्याचंच देतो. मुंबईच्या कापड गिरण्यांत साचाखात्याला पगार चांगला. पण तिथं अस्पृश्य कामगाराला घेत नसत. धोट्यात नवी कांडी घातली की धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. एकाच्या तोंडचा धोटा दुसऱ्याने कसा लावायचा, म्हणून विटाळ! १९२८ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न मांडला. म्हणजे विटाळ हा नुसता मनातला मळ नव्हता. तो गरिबाच्या पगारातून कापला जात होता. आणि पाळणारेही कामगारच होते! इतिहास असा शिकवला की पोराला कळतं, पूर्वग्रह कुणाच्या तरी ताटातली भाकरी काढून घेतो.

आता आपल्या शहराकडे येऊ. निजामाचं राज्य संपून जेमतेम दोन वर्षं होत होती, तेव्हा १९५० साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने इथं कॉलेज काढलं. तेच आजचं मिलिंद महाविद्यालय. त्यात सगळ्या जातींची पोरं शिकली. पुढे १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ झालं. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला, आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळे यांना ठार मारण्यात आलं. १९७९ मध्ये प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरच्या दीक्षाभूमीवरून लाँग मार्च निघाला. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. ठराव कागदावरून विद्यापीठाच्या कमानीवर यायला साडेपंधरा वर्षं लागली!

या तारखा पाठ केल्या म्हणजे इतिहास झाला, असं नाही. मुलांना पाच प्रश्न विचारायला शिकवा. ठराव कुणी केला? कुणी अडवला? घर कुणाचं जळालं? गप्प कोण बसलं? आणि उभं कोण राहिलं? पाचव्या प्रश्नाचं उत्तर शोधताना एस. एम. जोशी, डॉ. बाबा आढाव ही नावं सापडतात. जन्माने दलित नसलेली ही माणसं नामांतराच्या बाजूने उभी राहिली. हे मुलाला सांगितलं नाही, तर 'ते सगळेच तसले' असं तोही बोलायला लागेल. मग त्याच्यात आणि वस्ती पेटवणाऱ्याच्या विचारात फरक काय राहिला?

आणखी एक सांगतो, राग मानू नका. पोचिराम कांबळे मातंग समाजाचे होते. आपल्या किती पोरांना हे माहीत आहे? बाबासाहेबांच्या नावासाठी मातंग बांधवाने जीव दिला, आणि आपण अजून आपसात पोटजाती मोजतो. मुसलमान शेजाऱ्याबद्दल वाटेल ते ऐकून घेतो. इतिहासाचा आरसा दुसऱ्याला दाखवायचा, तर आधी आपण त्यात पाहिलं पाहिजे.

भगवान बुद्धांनी कालामांना हीच शिकवण दिली. ऐकीव आहे, परंपरेने आलं आहे, एवढ्यावर मानू नका, पारखून घ्या. संविधानात १९७६ साली मूलभूत कर्तव्यं आली, कलम ५१-क. बंधुभाव वाढवणं आणि शोधक बुद्धी बाळगणं, दोन्ही त्यात आहेत. आज अफवा मोबाईलवर येते. पुढे ढकलण्याआधी 'कुणी पाहिलं? कधी? कुठे?' एवढं जो विचारतो, तो जबाबदार नागरिक.

म्हणून माझी सूचना आहे. वर्गातल्या प्रत्येक मुलाने नामांतराचा काळ पाहिलेल्या एका म्हाताऱ्या माणसाला भेटावं. एक आपल्या वस्तीतला, एक दुसऱ्या समाजातला गाठावा. वहीत दोन रकाने पाडावेत. एकात 'पाहिलेलं', दुसऱ्यात 'ऐकलेलं'. येत्या १४ जानेवारीला त्या वह्या इथे, विहारात, सर्वांसमोर वाचाव्यात. ज्यांनी सोसलं ती माणसं एकेक करून चालली आहेत. त्यांच्याबरोबर त्यांची साक्षही गेली, तर उद्या कुणीही उठून म्हणेल, असं काही घडलंच नव्हतं. तेव्हा आपल्या लेकरांच्या हातात काय असेल?

वह्यांचा आणि पेनांचा खर्च आम्ही कामगार मंडळी करू. पालकांनो, तुम्ही फक्त पोरांना पाठवा.

जय भीम! नमो बुद्धाय!